थेंब न शिरणारी पेटी

पक्कडताईने एखादी गोष्ट आवळली, की ती सोडवायला पुन्हा पक्कडताईलाच बोलवावं लागे. तिचं खरं नाव बंदराच्या धक्क्यावर कोणाला आठवत नव्हतं आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. उघड्यावरच्या विजेच्या कामात ती हाडाची कारागीर. वाऱ्यात, पावसात, लाटांच्या माऱ्यात ज्या केबली आयुष्य काढणार, त्या कुठे बांधायच्या, कुठे वळवायच्या आणि कशाने आवळायच्या, हे तिलाच विचारावं. चारचौघी पाहुण्या म्हणून गेल्या की घराचे पडदे बघतात. ही बाई अंगणातल्या दिव्याच्या ग्लँडवर अंगठा फिरवायची. "सैल आहे हो," म्हणायची आणि पर्समधून पाना काढायची. चहा यायच्या आत काम झालेलं असायचं आणि घरची बाई तोंडात बोट घालून बघत राहायची.

ग्लँड म्हणजे पेटीत केबल जिथून शिरते तिथला गळपट्टा. आत रबरी वायसर, वर आटे पाडलेली टोपी. टोपी फिरवली की रबर केबलचा गळा धरतं आणि पाण्याला आत शिरायला फट उरत नाही. वस्तू एवढीशी, मुठीत मावेल अशी. पण उघड्यावरचा प्रत्येक दिवा तिच्या जिवावर जळतो, हे लोकांच्या गावीही नसतं. पक्कडताईला मात्र ग्लँडचा अभिमान होता, लोकांना मुलाबाळांचा असतो तसा, आणि थोडा जास्तच.

तर अशा बाईच्या पेटीत पाणी शिरलं. एकदा नाही, तीनदा.

ही पेटी कुठली ते आधी सांगायला हवं. बंदराच्या तोंडाशी दोन खडक होते. ओहोटीला ते शहाण्यासारखे वर दिसत, भरतीला पाण्याखाली दडून बसत. त्या दोघांच्या मधून लाँचपुरती वाट होती आणि ती वाट दाखवायला दोन दिवे होते. एक टेकडीच्या माथ्यावर, दुसरा खाली, समुद्रात गेलेल्या दगडी बांधाच्या टोकाला. बाहेरून येणाऱ्याने एवढंच करायचं, की दोन्ही दिवे एकाखाली एक दिसतील असं सुकाणू धरायचं. खालचा डावीकडे सरकला तर आपण चुकलो, उजवीकडे सरकला तरी चुकलो. दोघं एका रेषेत आहेत तोवर खडक आपल्या अंगाला लागत नाहीत. पण खालचा दिवा गेला, तर वरचा एकटा बिचारा काय सांगणार?

खालच्या दिव्याला वीज टेकडीवरून यायची. माथ्यावरच्या मशीनरूमपासून एक जाड काळी केबल उतार उतरत, बांधाच्या भिंतीवरच्या करड्या पेटीत शिरायची आणि पेटीतून दुसरी केबल दिव्याकडे जायची. हे सगळं काम गेल्या वर्षी पक्कडताईने केलेलं. आणि संध्याकाळची लाँच चालवायचा तिचा धाकटा भाऊ. पलीकडच्या काठावर कामाला गेलेली माणसं तो दिवेलागणीला घरी आणायचा. पेटीचं झाकण लावलं त्या दिवशी तिने छाती ठोकून त्याला सांगितलं होतं, "डोळे मिटून ये. ह्या पेटीत थेंब शिरणार नाही."

"डोळे मिटले तर दिवे कसे दिसतील, ताई?" तो म्हणाला होता. पण हसता हसता त्याने तिचं म्हणणं मनात पक्कं धरलं होतं. बहिणीने आवळलंय म्हणजे आवळलंय, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. लहानपणी तिने बांधलेल्या त्याच्या बुटांच्या नाड्या आईला कात्रीने कापाव्या लागत.

पहिल्यांदा दिवा गेला तेव्हा तिने पेटी उघडली, तर आत ओंजळभर पाणी. रबर खराब निघालं असेल म्हणून तिने नवीन घातलं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा अख्खा ग्लँड बदलला, झाकणाच्या कडेने डिंकासारखा चिकट मसाला भरला आणि पान्याला असा जोर दिला की तिचा खांदा आठवडाभर दुखत होता. गंमत म्हणजे दुसऱ्यांदा दिवा गेला त्या दिवशी लख्ख ऊन होतं. पाऊस नाही, लाट नाही, आणि पेटी भरलेली. बंदरातले लोक म्हणाले, समुद्र आहे तो, त्याच्यापुढे कोणाचं चालतं? हे ऐकून तिचं डोकं फिरायचं.

तिसऱ्यांदा, म्हणजे परवा संध्याकाळी, भर पावसात लाँच नेमकी दोन खडकांच्या तोंडाशी असताना खालचा दिवा विझला. लाँच घासली. एक फळी तडकली, बायामाणसं किंचाळली, कोणाची तरी पिशवी समुद्रात गेली. धाकट्याने कशीबशी ती काठाला आणली. जीव कोणाचा गेला नाही, हे नशीब. धक्क्यावर सगळे त्याच्याभोवती जमले तेव्हा तो म्हणाला, "माझीच नजर चुकली." दिव्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग ताईकडे आला, दोन घास जेवला आणि "आमटीत मीठ कमी आहे" एवढंच बोलून घरी गेला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

आज दुपारी ती बांधावर पेटीसमोर उभी होती. वर मशीनरूममध्ये तिचे मामा होते. ज्यांनी तिच्या हातात पहिला पाना दिला ते हे मामा. आता टेकडीवरचा दिवा सांभाळत होते. त्यांना फोन करून तिने मेन स्विच पाडायला लावला, टेस्टरने तारा तपासल्या आणि झाकण उघडलं.

पाणी होतं. तारांच्या जोडापर्यंत चढलेलं, नितळ, न हलणारं. बाहेरून ग्लँडवर बोट फिरवलं तर रबर कोरडं ठणठणीत. झाकणाची कड कोरडी. भिंतीकडची बाजू कोरडी. शिवाय केबल पेटीत थेट शिरत नव्हती. आधी पेटीच्या खाली झोळीसारखी वळवून मग खालून वर घेतली होती, म्हणजे बाहेरून ओघळणारा थेंब त्या झोळीतून गळून पडावा. कामात खोट काढायला जागा नव्हती आणि पेटीत पाणी होतं. तिला पहिल्यांदाच जरा भीती वाटली.

धाकटा लाँच सोडण्याआधी बांधावर आला होता. तडकलेल्या फळीवर ठिगळ मारून लाँच तयार होती.

"काय म्हणते तुझी पेटी?"

"काही म्हणत नाही. पाणी पिऊन गप्प बसलीये."

"कुठेतरी पाणी मुरतंय, ताई," तो म्हणाला आणि आपण काय बोललो हे कळून स्वतःच हसला.

"तेच तर बघतेय रे बाबा, कुठे मुरतंय ते."

"आज भरती मोठी आहे. आणि आभाळ बघ." त्याने हनुवटीने समुद्राकडे खूण केली. क्षितिजावर ढग जमत होते.

"मग नको जाऊस आज."

"आणि पलीकडची माणसं? ती सकाळी गेलीत. त्यांना काय तिथेच झोपवू?" तो थोडा थांबला. "ठिगळ लावलेलं आहे गं. आज पुन्हा घासली तर फळी नाही टिकायची. दिवा तेवढा बघ." एवढं बोलून तो गेला. आवाजात राग नव्हता.

तिने पेटीतलं पाणी फडक्याने टिपायला घेतलं. तळाशी जोडातून निखळलेला एक स्क्रू पडला होता. तिने तो उचलला आणि सवयीने ओठांत धरला. विजेचं काम करणाऱ्यांना हात दोनच असतात, म्हणून तिसरा हात तोंडाचा. स्क्रू, वायसर, टेप, जे हातात मावत नाही ते सगळं ओठांत. तिने आणखी दोनदा फडकं पिळलं आणि मग तिचा हात थांबला.

स्क्रू खारट नव्हता.

तिने तो काढून बघितला, पुन्हा जिभेवर ठेवला. मग बोट पेटीतल्या पाण्यात बुडवून चाखलं. गोडं पाणी, विहिरीच्या पाण्यासारखं. बांधावर चारी बाजूंनी समुद्र आदळत होता, तिच्या भुवयांवर मीठ साचलं होतं, झाकणाच्या स्क्रूवर पांढरी पूड होती, आणि आत गोडं पाणी! म्हणजे ज्याच्याशी ती वर्षभर दोन हात करत होती, तो समुद्र ह्या भानगडीत नव्हताच. त्याने एक थेंबही आत टाकला नव्हता. तिच्या ग्लँडने त्याला खरोखरच बाहेर ठेवलं होतं.

मग हे पाणी आलं कुठून?

तिने पेटी कोरडी केली, कडाकोपऱ्यांतून फडकं फिरवलं आणि आत डोकं घालून बसून राहिली. तिच्यासारख्या हातघाईच्या बाईला नुसतं बसणं म्हणजे शिक्षाच. लाँचचं इंजिन धडधडत लांब गेलं, हळूहळू ऐकू येईनासं झालं. पेटीत काही होत नव्हतं. तिच्या पायाला मुंग्या आल्या.

आणि मग तिला ते दिसलं. ग्लँडमधून आत आलेल्या केबलचं काळं आवरण जिथे संपतं आणि तीन रंगीत तारा वेगळ्या होतात, त्या तोंडाशी काहीतरी चमकलं. तारांच्या मधल्या फटीतून पाण्याचा एक बिंदू वर आला, फुगला, काठावरून ओघळला आणि पेटीच्या कोरड्या तळावर पडला. तिने श्वास रोखला. थोड्या वेळाने दुसरा आला.

तिच्या अंगावर काटा आला. पाणी केबलच्या आतून येत होतं. बाहेरून ती गळा आवळत राहिली, आणि पाणी गळ्याच्या आतून चालत आलं होतं. तेही खालून वर! पेटीखाली तिनेच घातलेली ती झोळी उतरून, पुन्हा चढून. पाणी आपण होऊन वर कसं चढेल? मागून कोणीतरी ढकलत असल्याशिवाय नाही. तिने मान वळवून टेकडीकडे पाहिलं.

ती टेकडी चढली ती केबलच्या मागोमाग. क्लिपांनी भिंतीला धरलेली, मग रस्त्याखालच्या नळीतून गेलेली, मग झुडपांमधून खांबाखांबाने वर चढणारी काळी केबल. एकेक क्लिप तिने स्वतः ठोकली होती आणि प्रत्येक ठिकाणी थांबून बोटाने चाचपलं. कुठे चीर नाही, कुठे उंदराने कुरतडलेलं नाही. दम लागला तरी थांबली नाही. मागे ढग चढत होते.

मशीनरूमच्या बाहेरच्या भिंतीवर केबल संपत होती. तिथे तिने आवरण सोलून तीन तारा भिंतीच्या भोकातून आत नेल्या होत्या. सोललेलं तोंड आकाशाकडे होतं. त्यावर पावसासाठी पत्र्याची टोपी बसवली होती. टोपी जागेवर होती, पण वाऱ्याने फिरून तिने भिंतीकडे पाठ केली होती. खाली केबलचं तोंड उघडं पडलं होतं.

ती चवड्यांवर उंच झाली आणि तिने आत पाहिलं. काळ्या आवरणाच्या त्या गोल तोंडात पाणी होतं, काठोकाठ. सकाळच्या सरीचं. त्यात ढग दिसत होता.

मामा बाहेर आले. "काय गं पोरी, भिंतीला काय चिकटलीस?"

"मामा, इकडे या." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "हे बघा. आणि आता खाली बघा."

खाली बांध दिसत होता, बांधावर काडेपेटीएवढी करडी पेटी. मामांनी तोंडातलं पाणी बघितलं, पेटी बघितली, पुन्हा पाणी बघितलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"इथपासून तिथपर्यंत?"

"इथपासून तिथपर्यंत. एकच पाणी. टेकडीएवढं उंच आणि काडीएवढं बारीक. केबलच्या पोटात उभं आहे, मामा! वर पाऊस पडतो, तो ह्या तोंडातून आत जातो, आणि तिकडे काही दिवसांनी माझ्या पेटीत निघतो. म्हणून उन्हात दिवा जायचा."

तिला स्वतःचा राग यायला हवा होता. खाली समुद्र म्हणून तिने जिवाचं रान केलं आणि इथे, समुद्र नाही म्हणून, एक पत्र्याचं टोपडं घालून मोकळी झाली. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर तिने त्याला सोलून काढलं असतं. पण राग येतच नव्हता. सगळ्यात नीट आवळलेल्या वस्तूच्या आत एक अख्खी उभी नदी वाहत होती आणि ती वर्षभर तिच्या बाहेरून हात फिरवत होती. तिला देवळात गेल्यासारखं वाटत होतं, आणि ती देवळात फारशी जात नसे.

"आता तोंड बंद कर ते," मामा म्हणाले. "तुझं नाही, केबलचं."

तिने तोंडातलं पाणी टिपलं, टोपी फिरवून जागेवर आणली, तारेने पक्की बांधली. पण मनात हिशोब चालू होता. वरून नवीन पाणी बंद झालं, ठीक. पोटातलं? ते उतरायला कित्येक दिवस लागतील. आणि खालची पेटी म्हणजे तिने स्वतः बांधलेली टाकी. आलेलं पाणी बाहेर पडायला जागाच नाही. आत्ताच्या आत्ता तळ भरायला लागला असेल. संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा जोडाला लागेल आणि मामांच्या खोलीतला ट्रिपचा खटका खाड्कन पडून दिवा जाईल.

"तिथे खाली केबलचं तोंड बुजवलं तर?" ती म्हणाली.

"ओल्यावर मसाला धरेल का? आणि मागे टेकडी उभी आहे. ढकलून काढेल." मामांनी चष्मा पुसला. "भोक पाड."

"कशाला?"

"पेटीला. तळाला. पाणी येतंय ते येऊ दे, आणि जाऊ दे."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "मामा, ती पेटी समुद्रावर आहे. बांधावरून लाट येते. भोकातून खारं पाणी आत घुसलं तर? धाकटा मध्ये असताना दिवा गेला तर?"

"आत्ता भोक नाही तरी जाणारच आहे."

"पण मी त्याला सांगितलंय, की थेंब..."

"काय सांगितलंयस ते तो बघत बसणारे का खडकात?" मामांचा आवाज चढला, ते तिच्यावर क्वचितच ओरडत. "लाटेचं पाणी शिरलं तर त्याच भोकातून परत निघून जाईल ना गं! तुझ्या त्या आवळलेल्या पेटीतून काही निघतच नाही, हाच तर घोळ आहे."

खाली उतरताना पहिले टपोरे थेंब पडले. ती घसरत, झुडपं धरत धावली. हाताने फिरवायचं ड्रिल पिशवीत होतं. पेटी उघडली, तर तळाला पुन्हा बोटभर पाणी. तारा दूर बांधून तिने ड्रिलचं टोक पेटीच्या तळाशी, खालच्या बाजूने, सगळ्यात खोल जागी टेकवलं आणि तिचा हात अडला.

उभ्या जन्मात तिने फटी बुजवल्या होत्या. फटी शोधणं हेच तिचं काम. बारीकशी चीर दिसली तरी तिला चैन पडत नसे. आणि आता तिने, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सगळ्यात चांगल्या पेटीला, समुद्राच्या तोंडावर भोक पाडायचं होतं. फोन वाजला. मामा होते. "लाँच दिसायला लागली. पलीकडून सुटलीये. तुझं झालं का?"

तिने दांडा फिरवला. करड्या प्लास्टिकच्या साली गोल गोल निघाल्या, ड्रिल एकदम सैल झालं आणि पेटीतलं पाणी बारीक धारेने तिच्या मनगटावरून खाली गेलं. तिने आत पुसून घेतलं, जोड घट्ट केले, झाकण लावलं. "मेन टाका," ती फोनमध्ये म्हणाली. बांधाच्या टोकाला दिवा लागला.

मग पाऊस आला आणि त्याच्याबरोबर वाराही. भरती बांधाच्या वरच्या दगडापर्यंत चढली होती. संध्याकाळ अशी काळवंडली, की समुद्र आणि आभाळ वेगळं काढता येईना. ती पेटीपाशी भिंतीला पाठ लावून बसली, एक हात पेटीच्या खाली धरून. लांब लाँचचा दिवा वर जात होता, खाली जात होता, दिसेनासा होत होता. खडक केव्हाच बुडाले होते. कुठे आहेत ते फक्त पाण्याच्या पांढऱ्या खळबळीवरून कळत होतं.

लाँच वळली. आता धाकटा दोन्ही दिवे एकाखाली एक घेत असणार. ती काहीही करू शकत नव्हती. आवळायला काही उरलं नव्हतं, पाना पिशवीत होता. एक लाट बांधावरून आली आणि तिच्यासकट पेटीवर कोसळली. तिचे डोळे मिठाने जळले. तिने दिव्याकडे बघायचं धाडस केलं नाही. पेटीखालच्या हाताकडे लक्ष ठेवलं. भोकातून पाणी धो धो तळव्यावर आलं, मग धार झाली, मग थेंब झाले. तेव्हा तिने मान वर केली. दिवा जळत होता.

दुसरी लाट आली. पेटी प्यायली आणि तिने तेवढंच बाहेर टाकलं. तिसरीलाही तसंच. लाँच खडकांच्या मध्ये शिरली. इतकी जवळ, की सुकाणूपाशी उभा असलेला धाकटा तिला दिसत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, कोणाकडेच बघत नव्हता. त्याची नजर त्या दोन दिव्यांच्या रेषेवर होती आणि मान इतकीशीही हलत नव्हती. माणसं एकमेकांना धरून बसली होती. डावीकडे पांढरा फेस उसळला, उजवीकडे उसळला. पक्कडताई मोठ्याने काहीतरी बडबडत होती. काय ते तिला नंतरही आठवलं नाही.

लाँच आत आली. शांत पाण्यात तिचा आवाज बदलला, आणि पक्कडताई तिथेच दगडावर डोकं टेकून रडली, चांगली हमसून हमसून.

माणसं उतरून घरोघर गेली तोवर पाऊस थांबला होता. वारा पडला, बांधावर नुसता निथळण्याचा आवाज उरला. धाकटा लाँच बांधून तिच्याकडे आला. ओलाचिंब, थकलेला. तिने डोळे पुसायचे कष्ट घेतले नाहीत. तो शेजारी बसला आणि पेटीखालचं भोक त्याला दिसलं.

"हे काय? तू भोक पाडलंस? तू?"

"मी."

त्या भोकातून एक थेंब आला, लोंबकळला, पडला. मग दुसरा. धाकट्याने वर आभाळाकडे पाहिलं. ढग फाटले होते, टेकडीवर मोकळं दिसत होतं.

"पाऊस तर केव्हाच थांबला, ताई. मग हे कुठलं गळतंय? लाटेचं का?"

"लाटेचं केव्हाच निघून गेलं. हे केबलच्या आतून येतंय. टेकडीवर तोंड उघडं होतं, तिथे शिरतं आणि आतल्या आत उतरत उतरत इथे काही दिवसांनी पोचतं." तिने थेंबाखाली बोट धरलं. "हा आजचा पाऊस नाही. परवा संध्याकाळचा आहे."

परवा संध्याकाळी तो त्याच पावसात होता, दोन खडकांच्या मध्ये, पुढे अंधार आणि पाठीमागे किंचाळणारी माणसं. त्याने टेकडीच्या माथ्यापासून बांधापर्यंत एकदा नजर फिरवली, हळूहळू. मग तो सरकून ताईला चिकटून बसला, लहानपणी गडगडाट झाला की बसायचा तसा, आणि दोघं तो पाऊस थेंबाथेंबाने बाहेर पडताना बघत राहिली.